पाण्याला गेलो, देवाला नाही

आमच्या आईला एक दिवस नुसतं बसायचं होतं. लग्नाला नाही, दवाखान्याला नाही, माहेरालाही नाही. येडशीजवळ रामलिंगच्या जंगलात पावसाळ्यात धबधबा पडतो. तिथं पाण्यात पाय सोडून दिवसभर बसायचं, बरोबर नेलेले धपाटे खायचे आणि सांजच्याला परत यायचं, एवढीच तिची मागणी. पण ती ऐकून आमच्या गल्लीत असा गहजब झाला, की मला अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

हे वेड तिला दुष्काळात लागलं. तेव्हा येडशीकडच्या रस्त्याचं काम निघालं होतं आणि ती खडी फोडायला जायची. मी लहान, दगडांच्या ढिगाच्या सावलीत बसून कामावर खायला मिळणारी सुकडी खायची. ओढे कोरडे ठणठणीत पडले होते, प्यायचं पाणी टँकरनं यायचं. मुकादम एकदा सहज बोलून गेला, की चांगला पाऊस झाला तर खालच्या दरीत धबधबा पडतो. बाकीच्या बायका हसल्या. आईनं ते मनात धरलं.

पुढं पाऊस बरा झाला, तेव्हा श्रावणात तिनं विषय काढला. एरवी तिकडं जायचं म्हणजे पायपीट, पण तिथं महादेवाचं देऊळ, म्हणून श्रावणी सोमवारी जादा एसट्या सुटायच्या. गावातल्या बायका देवाच्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी जंगलात, पाण्याकाठी मोकळा श्वास घेऊन यायच्या. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, ते चांगलंच केलं. पण देवांबरोबर जत्राही गेल्या, आणि बाईमाणसानं घराबाहेर पडायला दुसरं काही निमित्त कुणी शोधून ठेवलं नव्हतं.

वडील शाळेत शिपाई होते, धम्माशी मोठे निष्ठावान आणि तितकेच भिडस्त. त्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. सोमवारी रामलिंगला गेलो तर आपलेच लोक म्हणणार, हे परत देवाला लागले. आणि वरच्या आळीचे म्हणणार, आले शेवटी ठिकाणावर. शेजारणीनं तोड काढली, येडशीला पाहुण्यांकडं चाललोय असं सांगा. आई तिच्यावरच उखडली. मी काय चोरी करायला चालले का, म्हणाली. मग वडिलांना तिनं सरळ विचारलं, "आवं, आपल्याला देव न्हाय म्हणून पाणी बी बघायचं न्हाय का?"

सोमवारी वडील आमच्याबरोबर मुकाट निघाले.

रामलिंगला उतरल्यावर सगळी गर्दी पायऱ्या उतरून देवळाच्या रांगेला लागली. आम्ही ओढ्याकडं वळलो. आईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, एक सपाट दगड बघून बसली आणि पाण्यात पाय सोडले. वरून धबधबा कोसळत होता, तुषार तोंडावर येत होते. तिला रिकाम्या हातांनी बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला लई बरं वाटलं. माकडांनी येऊन एक धपाटा पळवला, पण जात काही विचारली नाही.

ती विचारायला माणसं होतीच. आमच्याच गावचा एक बागायतदार दर्शन उरकून तिकडं आला. आम्हाला बघून थबकला आणि दर्शन झालं का, असं विचारलं. आई नाही म्हणाली. देवाच्या दारात येऊन देवाला पाठ दाखवता, मग इथं कशापायी बसलात, एक तर दर्शन घ्या न्हायतर वाटेला लागा, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. आसपासचे लोक बघायला लागले. वडील उठून गडबडीनं फडक्यात धपाटे बांधू लागले.

आई जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही तिनं.

"दादा, तुमी ज्या रस्त्यानं आलात, त्याची खडी म्या फोडलीय. तवा कुणी इचारलं न्हाय, दर्शन झालं का म्हणून. आज बसल्यावरच कसं इचारता?"

कलियुग, असं काहीतरी पुटपुटत तो पायऱ्यांकडं गेला. मी तेव्हा टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती.

वडिलांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तो चार माणसं घेऊन येईल, आता निघू, म्हणाले. बसायचं होतं ते बसून झालं, त्याचं तोंडही बंद केलंस, जिंकलीस, आता चल.

आईनं पाण्यातून पाय काढले नाहीत.

"मी जिंकाया न्हाय आले," ती म्हणाली. "बसाया आले. अजून दिस मावळला न्हाय. तुमी बी बसा."

वडिलांनी एकदा पायऱ्यांकडं बघितलं. मग गाठोडं खाली ठेवलं, पायजमा वर ओढला आणि तिच्या शेजारी पाण्यात पाय सोडले. आम्ही शेवटच्या एसटीनं परत आलो.