काकवी लावलेला पट्टा

आमच्या गाडीला हॉर्न होता, पण तो वाजवायची वेळ कधी आली नाही. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून अशी किंचाळी उठायची की आमच्या बारामतीच्या कॉलनीतली कुत्री आधी रस्ता मोकळा करायची आणि मग भुंकायची. सतरा वर्षांची गाडी आहे, तिला बोलायचा हक्क आहे, असं मी शेजाऱ्यांना सांगायचो. शेजारी त्यावर काय म्हणायचे ते त्या आवाजात ऐकू येत नसे.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. घर्षण हा माझा हातखंडा धडा. त्यामुळे निदान मी उभ्याउभ्याच केलं: आल्टरनेटरचा पट्टा घसरतोय. (आल्टरनेटर म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र. हे मी बायकोला, म्हणजे सुनंदाला, तीनदा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा ती ‘मग मिस्त्रीकडं न्या की’ एवढंच म्हणाली.) मोबाइलवर एका व्हिडिओत सांगितलं होतं, चालू इंजिनात पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडा, आवाज थांबला तर दोष पट्ट्याचाच. मी तांब्याभर ओतलं. आवाज थांबला! सुनंदाला हा विजय दाखवायला दारात बोलावलं. ती हात पुसत येईपर्यंत गाडी पुन्हा ओरडायला लागली होती.

मग मी नवा पट्टा आणला आणि रविवारी स्वतः बसवला. त्यात माझी दोन नखं गेली आणि पट्टा ताणायला घेतलेलं सुनंदाचं लाटणं वाकलं. (लाकडी लाटणं वाकू शकतं, हे मलाही नवीन होतं.) आवाज जसाच्या तसा. दुसरा कोणी असता तर निदान चुकलं म्हणाला असता. मी म्हणालो, पट्टा डुप्लिकेट आहे, आणि दुसरा आणला. तोही किंचाळला.

मिस्त्रीकडं न जाण्याचं खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इंदापूर रस्त्यावरचा चांगला मिस्त्री म्हणजे दत्ता, आणि या दत्ताला अकरावीत फिजिक्समध्ये मी दोनदा नापास केलेलं. त्याच्यापुढं बॉनेट उघडून ‘बघ रे जरा’ म्हणायचं माझ्या जिवावर येत होतं.

अशात माझ्या भाचीचं, ऋतुजाचं लग्न निघालं. ताईची ती एकुलती एक आणि मी तिचा एकुलता एक मामा. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तो मान मला जन्मात एकदाच मिळणार होता. मी महिनाभर आधी फेटा बांधून आरशासमोर चालून पाहिलं होतं. वर हौसेनं सांगून ठेवलं, ताईच्या गावाहून, कळसहून, इंदापूरच्या कार्यालयात नवरी माझ्याच गाडीतून येईल. सुनंदानं कपाळाला हात लावला.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही कळसला पोचलो, तेव्हा सनईवाले वाजवायचे थांबून आमच्याकडं बघायला लागले. दाजी, म्हणजे नवरीचे वडील, धोतराचा सोगा सावरत बाहेर आले. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ. चरकाच्या पट्ट्यावर उभा जन्म गेलेला. त्यांनी कान दिला आणि निकाल सांगितला.

“पाव्हणं, पट्टा घसरतुय. आमी चरकाच्या पट्ट्याला राळ लावतो. राळ नसली तर घट्ट काकवी. गप्प बसतोय बगा लगीच.”

आता, काकवी म्हणजे गूळ होण्याच्या आधीचा दाट, चिकट रस. चिकटपणा वाढला की घर्षण वाढणार आणि घर्षण वाढलं की घसरणं थांबणार. बावीस वर्षं मी पोरांना शिकवलं ते दाजींनी एका वाक्यात सांगितलं! मी वाटीभर काकवी मागवली आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंनी मनापासून चोपडली. चावी फिरवली. गाडी गप्प. सतरा वर्षांत ती पहिल्यांदा गाडीसारखी वागली. दाजींनी मिशीला पीळ दिला, वऱ्हाडाच्या गाड्या पुढं गेल्या आणि शालू सावरत ऋतुजा मागच्या सीटवर सुनंदाजवळ बसली.

पाच-सहा किलोमीटर आम्ही राजासारखे गेलो. मग आत गुऱ्हाळाचा वास सुटला. ऋतुजा म्हणाली, किती छान वास येतोय. पुढच्या वळणापर्यंत तो वास करपला. बॉनेटखाली काकवीचा पाक झाला होता, पाकाचा पुढं दगड होत होता, आणि फिजिक्सच्या कुठल्याच पुस्तकात हा धडा नव्हता. फाडकन आवाज झाला आणि पट्टा तुटला. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, आणि त्याच पट्ट्यावर इंजिनाचा पाण्याचा पंपही फिरत असल्यामुळं काटा भराभरा तापायच्या बाजूला निघाला. मी गाडी बाजूला घेतली. दुतर्फा ऊस. मुहूर्त बारा पस्तीसचा. घड्याळात साडेअकरा.

बॉनेट उघडलं तर कुठून कोण जाणे, गांधीलमाश्या हजर! मी बाहेर उड्या मारत होतो आणि नवरी काचा वर करून आत घामाघूम होत होती. सुनंदानं मला न विचारता दत्ताला फोन लावला.

दत्ता पंधरा मिनिटांत मोटारसायकलवर आला. माश्या हाकलल्या, फडक्यानं काकवी पुसली, एक बोट चाटून बघितलं आणि आल्टरनेटरची पुली नुसती हातानं फिरवली. ती करकरली.

“सर, पट्ट्याचा दोष न्हाय. बेरिंग गेलंय. पट्टा फिरवाया बघतुय आन् बेरिंग अडवतंय, म्हणून वरडतुय. तुमीच शिकवलं हुतं की, घर्षणाचं.”

तो हे अगदी आदरानं म्हणाला. त्यामुळं जास्त लागलं.

तेवढ्यात आमच्याच लग्नाच्या बँडचा टेम्पो मागून आला. तो उशिरा निघाला म्हणून सकाळी मी त्याला शिव्या घातल्या होत्या. पुढं दोघींपुरती जागा होती, मागं ढोलांना सुद्धा नव्हती. ऋतुजा आणि सुनंदा गेल्या. मोटारसायकलवर दत्ता मलाही न्यायला तयार होता. पण मी काय करावं? मी म्हणालो, गाडी घेऊनच येतो, मामा गाडीतूनच उतरला पाहिजे. बेरिंग इथं मिळणार नाही, असं दत्तानं दोनदा सांगितलं. मी त्याला जुगाड सुचवत राहिलो. बारा वाजून वीस मिनिटांनी दाजींचा फोन आला.

“पाव्हणं, पोरगी खोलीला कडी लावून बसलीय. भटजी मामाला बोलवा म्हणत्यात, आन् ही म्हणती मामा आल्याबिगर पाय उचलणार न्हाय. या लवकर.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गाडी तिथंच टाकली आणि दत्ताच्या मागं बसलो. माझा फेटा उसात कुठं उडाला ते दोघांनाही कळलं नाही. कार्यालयात शिरलो तेव्हा सगळं वऱ्हाड अक्षता मुठीत धरून उभं होतं आणि नवरदेव घड्याळाकडं बघत होता. ऋतुजानं दार उघडलं. हात काळे आहेत म्हणून मी मागं लपवले, तर तिनं ओढून धरले. बोहल्यापर्यंत आम्ही तसेच गेलो. तिथं भटजींनी हात सोडा म्हटलं. आम्ही सोडत होतो, पण काकवी सोडत नव्हती. ओल्या फडक्यानं सोडवेपर्यंत दोन मिनिटं गेली. तरी मुहूर्त जेमतेम साधला.

संध्याकाळी पाठवणी झाली. ताई रडली, दाजी खांबाआड जाऊन रडले. ऋतुजा माझ्या गळ्यात पडली आणि मीही हुंदका दिला. मी म्हटलं, बाळा, गाडी उद्या दुरुस्त होईल, मग मीच तुला माहेरी आणायला येतो. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “मामा, तुमी नक्की या. येताना फक्त दत्ता मिस्त्रीला संगं आणा.”

सगळं वऱ्हाड रडता रडता हसायला लागलं. तिच्या सासऱ्यांनी तर पुढं होऊन दत्ताला रीतसर मुळाचं, म्हणजे नवरीला माहेरी न्यायला यायचं, आमंत्रण दिलं, आणि त्याच्यासोबत कोणी येणार असेल तर घेऊन या, असं माझ्याकडं बघत सांगितलं.