सुझोऊच्या क्लबात अजिंठा

"चीन? अरे बाप रे! खायेंगे क्या उधर, चाचा?" गारखेड्याहून चिकलठाण्याच्या विमानतळाकडे नेणाऱ्या रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं. मी मांडीवरच्या पिशवीवर थाप मारली. आत धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती आणि दोन किलो येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ, पाण्यात उकळलं की झणझणीत आमटी होते) होतं. हे सगळं आमच्या प्रमिलाने बांधून दिलं होतं. ती स्वतः येऊ शकत नव्हती, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. निघताना तिने एवढंच बजावलं, "पोराला डोळे भरून बघून या. अन् तिथं लई बोलत बसू नका."

न बोलणं मला जमत नाही. तो माझा धंदाच होता. तीस वर्षं मी अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड होतो. पुढे मी आणि मागे पंचवीस-तीस माणसं, अशी सवय अंगात इतकी भिनली आहे की लग्नाला गेलो तरी पंगतीतली डोकी मोजतो. मुंबई, हाँगकाँग, शांघाय असा प्रवास करताना पहिल्यांदाच मी कळपात होतो आणि माझं डोकं दुसरं कोणीतरी मोजत होतं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं नाही.

शांघायच्या विमानतळावर एका तरुण बाईंनी पिशवी उघडायला लावली. येसराच्या डब्यात डोकावून त्यांनी खोल वास घेतला आणि लागोपाठ दोनदा शिंकल्या. "सूप," मी म्हटलं. त्या हसल्या, झाकण घट्ट लावलं आणि हातानेच जायला सांगितलं. बाहेर सुमेध उभा होता. माझा मुलगा वाळूजच्या कारखान्यातून सहा वर्षांपूर्वी इकडे आला, मोटारींच्या सुट्या भागांच्या कामावर. केस पांढरे होऊ लागलेत त्याचे. फोनवर ते दिसत नव्हते.

सुझोऊ हे कालव्यांचं शहर. शांघायहून मोटारीने दीड-दोन तास लागतात. सुमेधच्या इमारतीमागून एक कालवा जातो, त्याच्या काठाने झाडं, आणि मी गेलो तेव्हा क्वेईहुआ (बारीक पिवळी फुलं, वास अगदी गोड) बहरात होती. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात लोक वाफाळत्या वाडग्यातल्या शेवया भुरकत बसतात. मी काड्यांनी एक शेवई उचलायचो, ती परत वाडग्यात पडायची. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने न मागता माझ्यासमोर चमचा ठेवला आणि मान फिरवून घेतली, म्हणजे मला लाज वाटू नये. इतका समजूतदारपणा मी आमच्याकडच्या हॉटेलांत क्वचितच पाहिला आहे.

माझी खरी सोबत झाली ती खालच्या मजल्यावरच्या शेन आजींची. त्या सत्तरीच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. तरी मंगळवारी त्यांनी मला बाहीला धरूनच देवळात नेलं. तिथे उदबत्तीच्या तीन काड्या कपाळापाशी धरून चारही दिशांना वाकायचं असतं. आत सोनेरी बुद्ध. मी आयुष्यभर बुद्धमूर्तीसमोर उभा राहिलो, पण नेहमी पाठ करून, कारण तोंड पाहुण्यांकडे. इथे कुणाला काही सांगायचं नव्हतं. माझे हात आपोआप जुळले आणि ओठांवर वंदना आली, घरात रोज म्हणतो ती. डोळे उघडले तर शेन आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्या काहीतरी बोलल्या. मी मान हलवली, दुसरं काय करणार.

त्याच संध्याकाळी सुमेधने क्लबाचं काढलं. शहरात नोकरीनिमित्त आलेल्या परदेशी लोकांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा सगळे एकत्र जेवतात आणि जेवणाच्या मधोमध एका पाहुण्याचं भाषण असतं. या वेळी पाहुणा मी होतो. सुचवलं होतं सुमेधच्या वरिष्ठांनी, पुण्याच्या परांजपे साहेबांनी. मी खूश झालो. सुमेध मात्र चहाचा कप फिरवत बसला होता.

"बाबा, चित्रांबद्दल बोला. रंगांबद्दल, दगडाबद्दल बोला. पण आपल्या घरचं... दीक्षेचं वगैरे नको."

"का बरं?"

"साहेबांना माहीत नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. अजिंठेकर हे आडनाव ऐकून परांजप्यांनी पहिल्याच भेटीत गृहीत धरलं की हे आपल्यातलेच. सुमेधने ते खोडून काढलं नाही. मग दर रविवारी येणं-जाणं सुरू झालं, त्यांची मुलं करुणाला, माझ्या सुनेला, मावशी म्हणू लागली. साहेब शाकाहारी, तर आमची दोघंही त्यांच्यासाठी शाकाहारी झाली.

"आता सांगायचं म्हणजे सहा वर्षं खोटं वागलो असं होतं, बाबा. इथं आम्हाला दुसरं कोण आहे?"

हे आडनाव माझ्या वडिलांनी घेतलेलं. आमचं मूळ आडनाव ऐकलं की गावात बसायची जागा ठरायची, म्हणून मला शाळेत घालताना त्यांनी गावाचंच नाव लावलं. ते मला वाचवायला घेतलं होतं, लपायला नव्हे. हे मला सुमेधला सांगावंसं वाटलं. पण त्याचा चेहरा बघवेना. "बरं," मी म्हणालो. शब्द दिला खरा, पण जिवाला फार लागलं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला आम्ही हॉटेलात पोचलो. तिकडे जेवणं लवकर होतात. दालनात सात गोल टेबलं, प्रत्येकावर फिरती काच. जर्मन, कोरियन, ब्राझीलचे, आपल्याकडचे असे सगळे मिळून साठ लोक होते (मोजले). क्लबच्या अध्यक्ष योहानाबाई, हॉलंडच्या, वीस वर्षं सुझोऊतच राहिलेल्या. त्यांच्या हातात एक घंटी. नियम दोन. पहिला असा की एका देशाची माणसं एका टेबलावर बसायची नाहीत, म्हणून दारातच चिठ्ठ्या उचलायच्या. दुसरा असा की भाषणानंतर प्रत्येक टेबलाने एकच प्रश्न विचारायचा, हव्या त्या भाषेत. उत्तर मात्र सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत झालंच पाहिजे, तोवर वक्त्याने बसायचं नाही. चिनी बोलणाऱ्यांसाठी दुभाष्या म्हणून सुमेधला माझ्याजवळ बसवलं होतं. करुणाने शेन आजींना पाहुण्या म्हणून आणलं होतं आणि चिठ्ठीने त्यांना नेमकं परांजप्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. परांजपे माणूस गोड. लांबूनच त्यांनी मला नमस्कार केला, शेन आजींची खुर्ची मागे ओढून दिली.

टेबलावर एक अख्खा मासा आला, तळून फुललेला, वरून गोड-आंबट लाल रस. काच फिरली, मासा माझ्यासमोर थांबला. साहेबांसमोर मीही शाकाहारी होतो ना! मी काच पुढे ढकलली. शेजारच्या कोरियन गृहस्थांनी आदराने ती परत माझ्याकडे आणली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी माशाकडे बघणंच सोडलं.

मग घंटी वाजली आणि मी उभा राहिलो. एकदा उभा राहिलो की मला भीती नसते. मी इंग्रजीत बोलत होतो, सुमेध मागोमाग चिनीत सांगत होता. वाघूर नदीचं वळण सांगितलं, कडा सांगितला, शेण-माती-भुशाचा गिलावा आणि त्यावरचे रंग सांगितले. जुन्या काळी आत दिवे नव्हते, तेव्हा लेण्याच्या तोंडाशी एक माणूस चकचकीत पत्रा धरून ऊन आत फेकायचा आणि त्या उजेडात चित्रं दिसायची, हेही सांगितलं. तो माणूस माझे वडील, हे सांगितलं नाही. लोक काड्या खाली ठेवून ऐकत होते. आणि शेवट आला तसा तीस वर्षांच्या सवयीने माझा आवाज आपोआप खाली उतरला आणि मी माझं नेहमीचं वाक्य म्हणालो: "मग हा धर्म आमच्या भूमीतून नाहीसा झाला. भिक्खू गेले, जंगल वाढलं, आणि लेणी एकटी राहिली." या वाक्यावर लोक हळहळतात. तिथेही हळहळले. टाळ्या जोरात झाल्या.

पाच टेबलांचे प्रश्न सोपे होते. सहावं टेबल परांजप्यांचं. त्यांनी हसून शेन आजींना पुढे केलं. आजी उभ्या राहिल्या, वर्गात राहतात तशा ताठ, आणि चिनीत बोलल्या. सुमेधचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळून मराठीतच म्हणाला, "आजी विचारतात... तुम्ही म्हणता सगळे गेले. मग मंगळवारी देवळात माझ्या शेजारी हात जोडून कोण उभं होतं?"

मराठी कळणारे परांजपे मान वर करून आमच्याकडे बघू लागले.

हजारो वेळा मी ते वाक्य म्हटलं असेल. सकाळी घरी वंदना म्हणायची आणि दुपारी लेण्यात उभं राहून सांगायचं की असं म्हणणारं आता कोणी नाही. कधी, कधीच मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. पुस्तकात तसंच होतं, आणि पाहुण्यांनी "मग तुम्ही कोण?" असं विचारलेलं मला नकोच होतं. आता विचारलं गेलं होतं, तर शब्द दिलेला.

"सुमेध," मी हळूच म्हणालो, "मी बोललो तर तुला दिलेला शब्द मोडतो. तुला जे सांगायचं ते सांग. मी मान हलवीन."

तो उभा राहिला. आधी चिनीत बोलला, थोडकं. काय म्हणाला ते मला कळलं नाही. शेन आजींनी मात्र दोन्ही हात जोडले आणि खाली बसल्या. मला वाटलं, सुटलो. साहेबांना चिनी येत नाही. तेवढ्यात घंटी वाजली. "सगळ्यांसाठी," योहानाबाई म्हणाल्या, "इंग्रजीत."

सुमेधने टेबलाची कड धरली होती. मला त्याची बोटं दिसत होती.

"माझ्या वडिलांच्या भाषणात एक चूक आहे," तो म्हणाला. "हा धर्म आमच्याकडून नाहीसा झालेला नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली. लेण्यात ऊन फेकणारा तो माणूस म्हणजे माझे आजोबा. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्या लोकांतले ते होते. माझे वडील बौद्ध आहेत. मी बौद्ध आहे."

मी मान हलवली. इतक्या जोरात हलवली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

सातव्या टेबलाने रंगांबद्दल काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं आणि बसलो. कोरियन गृहस्थांनी काच फिरवून मासा पुन्हा माझ्यासमोर आणला. मी भरपूर वाढून घेतला. थंड झाला होता, तरी उत्तम होता.

जेवण उरकल्यावर परांजपे आमच्याकडे आले. मला म्हणाले, "पत्र्याचं फार छान सांगितलंत." मग सुमेधकडे वळले. "सहा वर्षं, सुमेध. तुझ्या घरी जेवलो मी."

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, असं म्हणणार होतो, साहेब," सुमेध म्हणाला. "पण तेही खोटं. नसतं सांगितलं."

परांजपे "हं" म्हणाले आणि आपला कोट घ्यायला गेले. ते रागावले होते की दुखावले होते, मला ओळखता आलं नाही. एरवी मी माणसं ओळखण्यात पटाईत आहे.

रविवारी ते आले नाहीत. काम निघालं, असा फोन आला. खरंच निघालं असेल. करुणाने मटण आणलं, येसर घालून रस्सा केला, शेन आजींनाही बोलावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी वाटी पुढे करत होत्या. सुमेध दोनदा दारात जाऊन बघून आला. ते बघून मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

निघण्याच्या दिवशी शांघायच्या विमानतळावर मी त्याला म्हणालो, "गप्प राहायचं तू माझ्याकडूनच शिकलास, बाळा. मी ते तीस वर्षं रोज केलं. वरून लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"जाऊ द्या, बाबा," तो म्हणाला. "साहेब येतील नाहीतर नाही येणार. पण आता ते आले, तर माझ्याकडे येतील." आणि माझी बॅग उचलून सरळ रांगेत नेऊन ठेवली.

गारखेड्यात पोचलो तेव्हा प्रमिला काठी न घेता दारापर्यंत चालत आली. पोरगं कसंय, बारीक झालंय का, सून बोलते का नीट, सगळं विचारून झालं. मग मी तिला क्लबाचं सांगितलं. ती कधी माझ्या मागे लेणी बघत फिरली नव्हती, आणि माझं बोलणं असायचं इंग्रजीत. त्यामुळे ते वाक्य तिला पहिल्यांदाच मराठीत सांगावं लागलं. मी सांगितलं. मुलगा काय म्हणाला तेही सांगितलं. वाटलं, पोराच्या कौतुकाने तिचे डोळे भरतील.

ती गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीत टेकली.

"म्हंजी," ती म्हणाली, "तीस वर्षं रोज पहाटं मी इथं वंदना म्हणायची, तुमचा डबा भरून द्यायची. अन् तो डबा घेऊन तुम्ही तिथं जाऊन सांगायचे, का आता कुणी उरलं नाय म्हणून?"