गावाची डाळमिल आणि सोलापुरातल्या बैठका

आमच्या गावातली डाळमिल गावाच्याच मालकीची आहे. घरटी एक शेअर असं ठरवून आम्ही कंपनी काढली आणि संचालक मंडळात एक बाई हवी म्हणून मला घेतलं. ही बाई बैठकीत तोंड उघडेल, असं तेव्हा कुणालाच वाटलं नसावं.

पहिला हंगाम झकास गेला. बायका घरची तूर घेऊन यायच्या, गप्पा मारत बसायच्या आणि संध्याकाळी डाळ घेऊन जायच्या. दुसऱ्या वर्षी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याशी भागीदारी केली. यंत्राची देखभाल आणि डाळीची विक्री त्यानं बघायची, मिल आम्ही चालवायची. मलाही ते पटलं होतं. पण सुगी आली आणि मिलच्या दारात त्याच्याच मालाचे ट्रक उभे राहिले. आमच्या बायकांना मिलवरचा माणूस सांगू लागला, "आता न्हाय, होळी झाल्यावर या."

माझ्या चुलत सासूबाई पोतं घेऊन तशाच परत आल्या आणि माझ्यावर उखडल्या. "तू डायरेक्टर हायेस न्हवं? मग आमी काय जात्यावर भरडायचं व्हय?"

मी अध्यक्षांना फोन केला. ते नात्यानं माझे दीर. मुलांच्या शाळेसाठी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेऊन राहिलेले. निम्मे संचालकही सोलापुरातच. म्हणून गावाच्या कंपनीच्या बैठका त्यांच्या हॉलमध्ये व्हायच्या.

"भावजी, एक बैठक गावात घ्या."

"वैनी, तितं कोण जमतंय? तुमीच या की हिकडं."

जवळच्या जेऊर स्टेशनवरून रेल्वेनं गेले. पोहे झाले, चहा झाला. माझा विषय निघाला तसा सगळ्यांना घाई झाली. "पुढच्या टायमाला घेऊ." पुढच्या वेळी गेले तर फ्लॅटला कुलूप. शेजारीण म्हणाली, लग्नाला गेलेत. बैठक पुढं ढकलली होती, फक्त मला कळवायचं राहिलं होतं. जिन्यात बसून भाकरीचं फडकं सोडलं आणि संतापानं तसंच परत बांधलं.

तिथून उठले ती थेट त्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. भांडायचंच ठरवून गेले होते. म्हाताऱ्यानं मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, गावासाठी आठवड्याचे दोन दिवस ठेवायला माझी कुठं ना आहे? करार करतानाच विचारलं होतं मी. तुमचे अध्यक्षच म्हणाले, गावात आता सगळे तयार डाळ विकत आणतात."

मी तशीच उठले आणि स्टेशन गाठलं.

गावात परतल्यावर मी घरोघरी फिरले, सह्या गोळा केल्या. तेव्हा कुठं सभा लागली, शाळेच्या पटांगणात. व्यापारी स्वतः आला होता. मी उठायच्या आतच अध्यक्ष उभे राहिले. "इथून पुढं सोमवार, मंगळवार मिल गावाची. मी शेठजींशी बोलून ठरवलंय." टाळ्या पडल्या. व्यापाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मग मी म्हणाले, यापुढं बैठका गावातच व्हाव्यात. मागून कुणीतरी ओरडलं, "बैठक कुटं बी घ्या की! तूर भरडून मिळाली म्हंजे झालं."

हात वर करायला सांगितलं. चार-दोन बायकांचे हात वर झाले. चुलत सासूबाईंचा हात पदराखालीच होता. घरी जाताना मी विचारलं, तर म्हणाल्या, "आगं, आमच्या पोराला तुज्या दिरानंच कामाला लावलंय सोलापुरात. कसा करू हात वर?"

मी पाय उचलून पुढं निघाले.

सोमवारी मिल गावासाठी सुरू झाली. मी गेले नाही. राग उतरला नव्हता. मंगळवारी मात्र तूर घेऊन जावंच लागलं. घरातली डाळ संपली होती.