मी मोजायची, ती दाबायची

सांगलीच्या आमच्या सरकारी कार्यालयात टायपिस्ट आम्ही दोघीच, मी आणि माझी मैत्रीण. नव्वदच्या दशकात तिथं कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी सांगून टाकलं, महिन्याभरानं परीक्षा. जिला जमेल ती इथं राहील, दुसरी जतला जाईल. जत म्हणजे एसटीनं जायला अडीच तास, यायला अडीच. घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली. मला सांगली सोडायची नव्हती, बास.

शिकवायला आलेला मास्तर दोनच दिवस टिकला. जाताना म्हणाला, "माऊसवर हात बसेपर्यंत हा सुरुंगाचा खेळ खेळा." हे काय शिकवणं झालं, कप्पाळ! करड्या चौकोनांखाली सुरुंग लपलेले. चौकोन उघडला की आकडा दिसायचा, शेजारी किती सुरुंग आहेत ते सांगणारा. त्यावरून सुरुंग ओळखून तिथं निशाण लावायचं, बाकीचे उघडायचे. चुकलं की खेळ खलास.

मशीन एक, खुर्ची एक. जेवणाच्या सुट्टीत मैत्रीण माऊस धरायची, मी मागं उभी राहून मोजायची. ती तासगावकडची, बोलायला मोकळी. "तू सांग गं, मी दाबते. माझं डोस्कं न्हाई चालत." माझं चालायचं. "डावीकडं निशाण लाव, खालचा उघड." बरोबर निघालं की कसला आनंद व्हायचा! वीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं बडवत आले होते. पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं. एकदा ती म्हणालीसुद्धा, "बस की तू आता." मी म्हटलं, "असू दे, झकास चाललंय." एवढी कशी मी खुळी!

परीक्षेत साहेबांनी एवढंच सांगितलं, ही फाईल उघडा, नाव बदला, बंद करा. कुठं काय दाबायचं ते मला पाठ होतं. पण माऊस धरला आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायला लागला. फाईलवर न्यावा तर तो पलीकडंच जायचा. मैत्रिणीनं मात्र पटापट उरकलं.

बाहेर येऊन रडली तीच. "मी जाते जतला, साहेबांना सांगते," म्हणाली. मला तिचा राग आला, कारण ती मनापासून म्हणत होती. "गप बस," म्हटलं. दमले होते मी.

जतहून पहिल्या दिवशी घरी पोचले तेव्हा आई जेवायची थांबलेली. "आज उशीर झाला गं?" रोजच होणार, हे काही तोंडातून निघेना. "एसटी चुकली," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरानं तिनं विचारायचंच सोडलं.