उलट्या पायाचा कॅप्टन

आमच्या कॅप्टनला फक्त विमान उतरवता येत नसे. बाकी पायलटाचं सगळं येत असे. मुरबे गावच्या नाखव्याचा हा मुलगा फ्लाइंग स्कूलमध्ये माझ्या खोलीत होता. लायसन्सचा पत्ता नव्हता, पण सुट्टीत बोईसरच्या बाजारात भाजी आणायलासुद्धा तो गॉगल चढवून, खांद्यावर पट्ट्या लावून जायचा. कुणी "पायलट का?" विचारलं, की "कॅप्टन" अशी दुरुस्ती करायचा.

पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्याने विमान उडवायच्या फेरीला, त्याचं विमान धावपट्टीवर बेडकासारखं तीनदा उडालं. सर संतापाने लाल झाले होते. हा उतरून म्हणतो, "तुमी एकदा उतरता, मी तीनदा उतरलो." दुसऱ्या सोलोला विमान टेकलं आणि डावीकडच्या गवतात घुसलं. म्हणे वारा आडवा होता! वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर मेल्यासारखी लोंबत होती.

खरं कारण त्याचा पाय. बापाच्या होडीवर सुकाणूचा दांडा पायाने रेटायची लहानपणापासूनची सवय. दांडा डावीकडे रेटला की होडी उजवीकडे वळते. विमानात मात्र डावा पाय दाबला की नाक डावीकडेच जातं. सरांनी बजावलं होतं, पुन्हा गवतात गेलास तर घरी. म्हणून मी त्याला खुर्चीवर बसवून, पाय धरधरून शिकवलं.

"तू बोईसरच्या कॉलनीतला. व्हडीत बसलास तरी ओकतोस, नि मला शिकवतोस?"

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

तिसऱ्या सोलोला नाक डावीकडे सरकलं आणि या शहाण्याने डावाच पाय गच्च दाबला. चाक मोडलं, पंख घासला. संध्याकाळी बॅग भरताना त्याने खांद्यावरच्या पट्ट्या काढून तळाशी ठेवल्या. मला दया आली, तोच म्हणाला, "या विमानाचे पायच उलटे लावलेत." माझी दया तिथेच आटली.

तरी त्याला घरी पोचवायला मीच गेलो. त्याची आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. हात पुसत तिने मला विचारलं, "माज्या पोरानं विमान कसा उतरवला, तू बगितलास ना?"

कॅप्टन तिच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. सगळा हिशेब चुकता करायची संधी माझ्या जिभेवर होती.

"झकास उतरवलं, मावशी," मी म्हणालो.

वाटलं, आता तरी या माणसाच्या डोळ्यांत थोडी शरम दिसेल.

"आनि टाळ्या?" तो मागून ओरडला. "टाळ्या किती पडल्या, ता सांग ना आयेला!"