लाल दिव्याची केबिन

आज बँकेत एक बाई मॅनेजरच्या बंद दारापाशी थबकल्या आणि मुकाट्याने परत फिरल्या. मला सुलभाताई आठवल्या.

पॅराशूट शिवणाऱ्या सरकारी कारखान्यात मी अधिकारी होतो आणि त्या तिथल्या जुन्या शिलाई कारागीर. माझं टेबल त्यांच्या यंत्रांशेजारीच होतं. जाता-येता त्या सांगायच्या, "साहेब, या कापडाला ही सुई जाड पडतेय." आमच्या निम्म्या सुधारणा अशा उभ्या-उभ्याच सुचल्या.

मग मला बढती मिळाली. मी प्लायवूडची केबिन बांधून घेतली, दारावर लाल दिवा लावला; तो पेटलेला असला की कुणी आत यायचं नाही. कामाला शांतता हवी, असं मी सांगायचो. खरं तर मला साहेब म्हणून मिरवायचं होतं.

पुढे एका चाचणीत वाळूचं पोतं घेऊन उतरणारं पॅराशूट शिवणीतच उसवलं. खाली माणूस लटकलेला नव्हता, एवढंच नशीब. मी तावातावाने सुलभाताईंना विचारलं, "दोरा कच्चा आहे, हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं, साहेब," त्या खाली बघत म्हणाल्या. "दोनदा सांगायला आले होते. लाल दिवा लागलेला होता."

आत मी वर्तमानपत्र वाचत असायचो.

खोली कशी मांडली आहे, त्यावरूनच माणसं ओळखतात, इथे आपलं कुणी ऐकणार आहे की नाही. अहवालात मी 'दोरा सदोष' एवढंच लिहिलं. केबिन मात्र काढून टाकली, टेबल पुन्हा यंत्रांपाशी आणलं. रोज मी विचारायचो, "काही अडचण, सुलभाताई?"

त्या शिवण थांबवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "काही नाही, साहेब. सगळं ठीक आहे."