इंजिन गप्प बसत नाही

आमच्या फ्लाइंग क्लबात पाच छोटी विमानं, एक पत्र्याचं हँगर आणि एक कानसेन. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं म्हणतात, ते आमच्या रेडिओवाल्या काकांनी फारच मनावर घेतलंय. हेडसेटची पिन सॉकेटात फिरवताना जी खरखर होते, तिच्यावरून ते सांगतात, गंज पिनेवर आहे की आत. घरी मात्र काकूंना तीन हाका माराव्या लागतात. "ह्यांचे कान हँगरलाच टांगलेले असतात, संध्याकाळी नुसतं डोकं घरी येतं," असं काकूंचं म्हणणं.

मी तिथला इन्स्ट्रक्टर. तीस वर्षं शिकवतोय, आवाज चढा, आणि माणूस पारखण्यात आपला हात कोणी धरणार नाही असा माझा ठाम समज होता.

त्या वर्षी एक मुलगी शिकायला आली. चणीने लहान, हाताने अगदी स्थिर. जमिनीवर असताना टॉवरशी खणखणीत बोलायची. पण वर जाऊन उतरण्यासाठी वळलो की हिचा आवाज बंद. टॉवरवाला म्हणायचा, "बटण दाबल्याचं कळतंय, आवाज येत नाही. पुन्हा सांगा." माझ्याही हेडसेटमध्ये शुकशुकाट. छोट्या विमानात इंजिनाच्या घरघरीपुढे शेजारच्याचं बोलणं हेडसेटशिवाय ऐकू येत नाही, आणि उतरताना मी धावपट्टीकडे बघणार, तिच्या तोंडाकडे नाही. मग माझ्या बाजूचं बटण दाबून मीच बोलून मोकळा व्हायचो. खाली आल्यावर ती म्हणायची, "सर, मी बोलले होते."

असं तीनदा झालं. हेडसेट बदलून दिला, तरी तेच. त्याच विमानात, त्याच जागी दुसरे विद्यार्थी बसले, त्यांचा आवाज स्वच्छ. "नाचता येईना, अंगण वाकडं," मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. घाबरून वाचा बसणारी माणसं मी पाहिली होती, ही त्यातलीच. उतरताना जिला बोलता येत नाही, तिला एकटीला वर कसं सोडणार? तिचं नाव कमी करावं, असं पत्र मी लिहिलं. रेडिओत दोष नाही अशी कानसेनांची सही झाली की ते दुसऱ्या दिवशी जाणार होतं.

कानसेनांनी आदल्या दिवशीच विमानात बसून सगळं तपासलं होतं आणि वहीत 'दोष नाही' असं लिहिलंही होतं. पण पत्रावर सही करेनात.

"टॉवरचं रेकॉर्डिंग ऐकून येतो," म्हणाले.

"आवाजच नाही, तर ऐकणार काय? डोंबल?" असं म्हणत मीही मागून जिने चढलो.

टॉवरवाल्याने तिन्ही वेळचं लावलं. कट्ट, मग पाच-सहा सेकंद काही नाही, पुन्हा कट्ट. कानसेन डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते चार वेळा लावायला लावलं. माझा पाय अस्वस्थपणे हलत होता.

"सर, काय ऐकू आलं?"

"काहीच नाही. तेच तर बोंबलून सांगतोय मी."

"इंजिन आलं ऐकू?"

माझा हलणारा पाय थांबला.

"पोरगी घाबरली असती, तर माईक चालू राहिला असता. मागे इंजिन घरघरलं असतं. इथे तेही नाही. माणूस गप्प बसेल हो, इंजिन कसं गप्प बसेल?"

तीस वर्षं मी हेच आवाज ऐकत आलो होतो. जे तिथे असायला हवं होतं आणि नव्हतं, ते ह्या माणसाने ऐकलं होतं. त्या खुर्चीत बसलेल्या कळकट शर्टातल्या माणसाकडे मी बघतच राहिलो.

हँगरमध्ये आल्यावर मी म्हटलं, "काका, वायर, सॉकेट, सगळंच बदलून टाका."

"एका वेळी एकच बदलायचं. सगळं बदललं तर चोर कोण ते कधी कळणार?" त्यांनी मुलीला बोलावलं. "बाळा, तू रोज बसतेस तशीच बस."

तिने सीट पुढे ओढली, आणखी पुढे, पार शेवटच्या खाचेपर्यंत, आणि पाठीशी उशी खोचली. कानसेनांनी कपाळावर हात मारला. आम्ही सगळे विमानात शिरताना आधी काय करतो, तर सीट मागे ढकलतो. माझ्या पोटाला तेवढी जागा लागतेच, त्यांच्या गुडघ्यांनाही. विमान तपासणाऱ्या एकाही माणसाने ती सीट शेवटच्या खाचेत कधी नेली नव्हती.

हातातला रेडिओ घेऊन मी पंखाजवळ उभा राहिलो. कानसेन सीटखाली डोकं घालून पालथे झोपले, पाय दाराबाहेर. ती बटण दाबून आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन, सगळं स्पष्ट.

"आता वळताना पायाखालचं पॅडल दाबतेस तसं दाब," खालून आवाज आला.

चार, पाच, आणि रेडिओ मुका झाला. इंजिन बंद होतं, त्यामुळे उघड्या दारातून तिचं सहा, सात, आठ मला ऐकू येत होतं. हातातल्या रेडिओत काही नव्हतं. ती नीट, न अडखळता मोजत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सॉकेटातून सीटखाली जाणाऱ्या माईकच्या वायरचा चाप निसटला होता. सीट शेवटच्या खाचेत असली आणि पायाला जोर दिला, की सीटचा पुढचा पाय त्या वायरवर दाबला जायचा. कानसेनांनी वायर बदलली, चाप घट्ट बसवला, तिला पुन्हा पाय दाबायला लावून वीसपर्यंत मोजून घेतलं. मग वही उघडून आपल्याच 'दोष नाही'वर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'काल मी सीट मागे ढकलून तपासलं. चूक माझी.' सही केली. एवढा मोठा माणूस किती सहज लिहून गेला ते.

पत्र मी खिशात घातलं. त्यांच्यानंतर मला बोलणं भागच होतं. "चूक माझीही आहे," मी मुलीला म्हणालो. "तू बोलत होतीस."

ती उशी काखेत धरून उभी होती.

"सर, तिसऱ्या वेळी मी थ्रॉटलवरचा हात काढून तोंडावर ठेवून बघितला होता," ती म्हणाली. "माझे ओठ खरंच हलतायत का ते."